आम्हा सहा जणांचा एक 'मी'

मुडदा कोगनोळीच्या नाक्याजवळ पडलेला आणि तो कर्नाटकाच्या हद्दीत की महाराष्ट्राच्या हे ठरत नव्हतं म्हणून आमची कादंबरी अकरा दिवस तिथंच अडकून बसली होती. फौजदार दोन, जीपा दोन, मुडदा एक. खानापूरच्या काकांनी त्या एका प्रकरणात १९५६ ची राज्य पुनर्रचना घेतली, १९६७ चा महाजन अहवाल घेतला आणि शेवटी फौजदाराच्या तोंडी वाक्य घातलं, "२००४ पासनं दावा सुप्रीम कोर्टात आहे, निकाल लागला की पंचनामा करूया." मी वाचून पोट धरून हसलो. मग लक्षात आलं की पुढचं प्रकरण माझं आहे. काका बसले मोकळे होऊन, खरं मुडदा माझ्या गळ्यात.

(आमच्याकडं बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्यामुंबईच्या लोकांनी प्रत्येक वाक्यात सत्य शोधत बसू नये.)

आम्ही सहा जण म्हणजे जुने ब्लॉगवाले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी कोण कविता टाकायचं, कोण आंबोलीच्या धबधब्याचे फोटो, कोण आजीच्या हातच्या मांड्यांवर डोळ्यात पाणी आणणारं काहीतरी. त्या काळात एकमेकांना 'खो' द्यायची पद्धत होती, एकानं एक विषय लिहायचा, खाली दोघातिघांना खो द्यायचा की त्यांनी पळायचं. आता ब्लॉग सगळ्यांचे वाळले, ग्रुप तेवढा राहिला, त्यावर सकाळी फुलं आणि रात्री निवडणूक. तर जुलैतल्या एका रात्री धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि काकांनी टाकलं, "आपण सगळे मिळून एक कादंबरी लिहूया की." पाच मिनिटात पाच अंगठे. पूर्वी अंगठा दिला की जमीन जायची, आता रविवार जातात. सात महिन्यांचे रविवार.

ठरलं काय, तर बारा प्रकरणं, प्रत्येकाची दोन, चार दिवसात लिहून पुढच्याला खो. काका रिटायर्ड पोस्टमास्तर. वडगावच्या मॅडम वाचनालयात. निपाणीवाला तंबाखूच्या धंद्यातला. डॉक्टर चिकोडीकडचा, जनावरांचा. एक पुणेकरीण, मूळची आमच्या शहापुरातली, आयटीत असते आणि मराठीतसुद्धा मीटिंग लावते. आणि टिळकवाडीत दहावीच्या ट्यूशन घेणारा जीव, तो मी.

काकांनी पहिलं प्रकरण लिहिलं. बेळगाव स्टँडवरनं खानापूरची शेवटची गाडी. दीड हजार शब्दांत गाडी फलाट सोडायला तयार नाही. पाऊस आहे, चहा आहे, कंडक्टरच्या कानावर पेन्सिल आहे, शेवटच्या चार ओळीत गाडी एकदाची पिरनवाडीला पोचते, एक प्रवासी उतरतो आणि सीटवर त्याचा कुंद्याचा (आमची बेळगावी मिठाई) डबा राहतो. खो!

डबा मात्र झकास सुचला होता. आत काय आहे ते काकांनी सांगितलंच नव्हतं. मॅडमच्या प्रकरणात त्यात चिठ्ठी निघाली. निपाणीवाल्यानं चिठ्ठीखाली किल्ली ठेवली, पुणेकरणीनं किल्लीला पेनड्राइव्ह अडकवला आणि सातव्या प्रकरणापर्यंत त्या अर्ध्या किलोच्या डब्यात एक पिस्तूल आणि इनाम जमिनीची कागदपत्रं मावायला लागली. कुंदा कुठं गेला हे फक्त मॅडमनी विचारलं. "गोष्टीत तीन आठवडे झालेत, पावसाळा आहे, कुंदा आठ दिवसाच्या वर टिकत नाही, कुणीतरी खाल्ला तरी दाखवा नाहीतर बुरा तरी दाखवा." यावर दोन दिवस चर्चा. मुडदा तिकडं नाक्यावर तसाच.

डॉक्टरचं वेगळंच. त्याच्या प्रकरणात नायक पळत पळत गोठ्यात लपतो, इथपर्यंत ठीक, खरं तिथं म्हैस अडलेली असते. पुढं हजार शब्द म्हैस. रेडकू मागच्या पायाकडनं आलेलं, हात कोपरापर्यंत कसा घालायचा, दोरी कुठं बांधायची, कळ आली की कसं ओढायचं, मधे थांबून म्हशीला श्वास घेऊ द्यायचा. खोटं कशाला बोलू, आख्ख्या कादंबरीतलं तेवढंच वाचताना मी चहा गार करून घेतलो. पुणेकरीण चिडली. म्हणाली, २००७ ला पेंग्विन प्रकाशनानं कुणीही येऊन लिहा अशी एक कादंबरी इंटरनेटवर उघडली होती, त्यात एका बाबानं जिथं तिथं केळी घुसवली, पात्रं वाक्याच्या मधेच केळ्यात पडायला लागली. "आपली केळी म्हणजे ही म्हैस आहे." डॉक्टरनं उत्तर दिलं, "केळी व्यायला लागली की बोलव."

खरा घोळ मात्र म्हशीचा नाही. खरा घोळ 'मी'चा.

दुसऱ्या प्रकरणात मॅडमनी गोष्ट 'मी'च्या तोंडनं सांगायला घेतली. डबा उचलणारी एक बाई, शाळेत शिकवणारी, एकटी राहणारी. त्यांच्या डोक्यात ती अशी स्वच्छ बसलेली की ती बाई आहे हे लिहायचंच राहिलं. लिहिलं काय, तर "मी डबा उचललो, पिशवीत टाकलो आणि छत्री उघडून चालायला लागलो." आमच्या भागात बायका अशाच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी साडी आणलो. निपाणीवाला हे जन्मापासून ऐकतोय, त्याची बायको घरात हेच बोलते, खरं कागदावर बघितल्यावर गडी गडबडला आणि तिसऱ्या प्रकरणात त्यानं 'मी'ला मिशी दिली. "मी मिशीवरचं पाणी निपटलो आणि विडी पेटवलो." मॅडमनी ते वाचनालयात बसून वाचलं. तिथं 'शांतता राखा' असा बोर्ड आहे म्हणून बरं.

आता इथं थोडं थांबून विचारतो, तुम्हीसुद्धा मघापासनं मला बाप्या समजूनच वाचत आलाय ना? मी दोन पोरांची आई आहे. बघा आता वर जाऊन, कुठं खोटं बोललो काय?

तर पुणेकरणीनं हे दुरुस्त करायचं मनावर घेतलं. तिला पुण्यात राहून 'आले-गेले'ची सवय झालेली. एका शनिवारी रात्री तिनं आमचा कादंबरीचा गूगल डॉक उघडून सगळीकडचं 'आलो' काढून 'आले' टाकलं, 'गेलो'चं 'गेले', एका बटणात, आख्ख्या कादंबरीत. सकाळी बघतो तर निपाणीवाल्याचा साडेसहा फुटी गुंड दारात उभा राहून म्हणतोय, "मी आले!" कंडक्टर म्हणतोय, "मी तिकीट द्यायला विसरून गेले." आणि आमचा कर्नाटकाकडचा फौजदार, ज्याचं नाव काकांनी कौतुकानं आलोक ठेवलं होतं, तो एकोणीस ठिकाणी 'आलेक' झाला होता. काकांना वाटलं आता ख्रिश्चन पात्र आलं. त्यांनी लगेच आपल्या प्रकरणात त्याला कॅम्पातल्या चर्चला नेऊन मेणबत्ती लावायला लावली.

पुढची मजा म्हणजे हे निस्तरायला सहाही जण एकाच वेळी डॉकमध्ये शिरलो. डॉक्टरला लॉगिन करायचा कंटाळा, तो लिंकवरनं येतो, मग गूगल त्याचं नाव कुठल्यातरी अनोळखी जनावराचं दाखवतं. जनावरांचा डॉक्टर स्वतःच कॅपिबारा होऊन म्हशीच्या परिच्छेदात कर्सर मिचकवत बसलेला, कुणी म्हैस कापायला आलं की हा परत चिकटवतोय. मी "अरे सुम बस की" (सुम म्हणजे गप) म्हणून कॉमेंट टाकलो तर ती घाईत कॉमेंटमध्ये न पडता मुडद्याच्या तोंडी पडली. नवव्या प्रकरणात मुडदा "अरे सुम बस की" म्हणतो. खरं सांगू, त्या जागी ते बरं वाटतंय, म्हणून ठेवलं.

आता पाकिटांचं सांगायचं राहिलं. सुरुवातीलाच काकांनी एक नियम घातला होता. १९३१ साली इंग्लंडातल्या डिटेक्शन क्लबातल्या लेखकांनी मिळून 'द फ्लोटिंग ॲडमिरल' नावाची रहस्यकथा लिहिली, अगाथा ख्रिस्ती वगैरे सगळे त्यात, एकेकानं एकेक प्रकरण, आणि अट अशी की उगाच गुंता वाढवून पुढच्याच्या डोक्यावर टाकायचा नाही, आपल्या मनातलं उत्तर प्रकरणासोबत लिहून द्यायचं. आपणही तसंच करूया. बाकीच्यांनी हो म्हटलं, काकांनी तर स्वतःचं पाकीट लाखेचं सील मारून रजिस्टरनं पाठवलं, खानापूरहून टिळकवाडीला, पंचवीसेक किलोमीटर. जित्याची खोड. पाकिटं माझ्याकडं, कारण शेवटचं प्रकरण माझं. त्या इंग्रजी पुस्तकात शेवटच्या प्रकरणाचं नावच मुळी 'पसारा आवरणे' अशा अर्थाचं आहे. तिथं तो एका बाप्यानं आवरला. आमच्यात सगळे जेवून उठले आणि खरकटं माझ्याकडं, घरातसुद्धा असंच असतंय म्हणून मला फार काही वेगळं वाटलं नाही.

फेब्रुवारीत एका रात्री पोरं झोपल्यावर मी पाकिटं फोडलो. काकांचा खुनी: तंबाखूचा व्यापारी. निपाणीवाल्याचा खुनी: रिटायर्ड पोस्टमास्तर. मॅडमचं म्हणणं, खून झालेलाच नाही, माणूस हार्ट ॲटॅकनं गेलाय, उगाच कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे नकोत. पुणेकरणीची एक्सेल शीट, चार रंगात, तिच्यात खुनाच्या वेळी खुनी पुण्यात होता हे तिच्याच तक्त्यावरनं सिद्ध होत होतं. डॉक्टरच्या पाकिटात औषधाच्या पॅडचा एक कागद, त्यावर तीन शब्द.

बघूया की बाई.

सहावं पाकीट माझं. ते कोरं होतं, ते मला आधीच माहीत होतं.

मी पहिल्यांदा कंडक्टरला खुनी ठरवलो. बिचारा पहिल्या प्रकरणानंतर रिकामाच होता, त्याचं कुणाला काय. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांचा फोन. "आमच्या भावाला खुनी करायलीस होय?" भाऊ तीस वर्षं कंडक्टर होता, गेल्या वर्षी गेला. कानावर पेन्सिल त्याच्याच. मग ते दीड हजार शब्द गाडी फलाटावरनं का हलत नव्हती ते मला कळलं. फोन ठेवलो आणि कंडक्टरला सोडलो.

व्यापारी केला तर निपाणीवाला, पोस्टमास्तर केला तर परत काका, फौजदार केला तर हद्दीचा प्रश्न. रात्री दोन वाजता मला सुचलं. 'मी'. खून 'मी'नंच केलाय. 'मी'ला सहा जणांनी लिहिलंय, कधी मिशी आहे कधी नाही, तो कुणाचाच भाऊ नाही, त्याच्यासाठी कोण फोन करणार? दीड तासात प्रकरण उरकलो, ग्रुपवर टाकलो आणि शांत झोपलो.

सकाळी चार अंगठे. पुणेकरणीनं टाळ्या पाठवल्या. मॅडमचं काहीच नाही. दुपारी एकच ओळ आली, "म्हणजे मी खुनी होय?" मी लिहिलो, अहो मॅडम तुम्ही नव्हे, 'मी'. त्या म्हणाल्या, "तेच विचारायलो."

त्यानंतर आठवडाभर अबोला. गणपत गल्लीत समोरनं येताना दिसल्या, हातात मेथीच्या दोन पेंढ्या, आणि मला बघून बांगड्यांच्या दुकानात शिरल्या.

काल संध्याकाळी त्यांचा मुलगा स्कूटरवरनं आला, "आईनं दिलंय" म्हणून एक डबा ठेवला, चहासुद्धा न घेता गेला. कुंद्याचा डबा. अर्ध्या किलोचा. दोऱ्यानं बांधलेला, चिठ्ठी वर तरी नाही. फ्रीजवर ठेवलोय. धाकटा दोनदा विचारला, आई उघडू काय. म्हटलो, सुम बस.