चाच्यांची वारसनोंद

"तुमचं खेळायचं हाय न्हवं? मग थांबा की जरा. ह्या लोकांची कामं हाईत."

हे मला सांगलीत राजवाड्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात, जूनच्या ऐन गर्दीत, निदान डझनभर माणसांच्या देखत ऐकवण्यात आलं. ऐकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. कानात ब्लूटूथ, आणि काउंटरला टेकवलेल्या मोबाइलवर कसलीशी क्रिकेटची मॅच चालू. माझा नंबर रीतसर आला होता. पेनड्राइव्ह लागला होता, फाइल उघडली होती. पडद्यावर चाच्यांची तोंडं दिसली मात्र, त्यानं पेनड्राइव्ह उपसून माझ्यापुढं सरकवला आणि मागच्या बाईंचे नॉन क्रिमिलेअरचे कागद हातात घेतले. बाईंनीही माझ्याकडं असं बघितलं, की जणू त्यांच्या मुलाचं अ‍ॅडमिशन मीच अडवून धरलं होतं.

त्या तोंडांचा खुलासा करायची संधी मला दुकानात कुणी दिली नाही, म्हणून इथं करतो. १९९० साली लुकासफिल्म गेम्सनं 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' हा कॉम्प्युटर गेम काढला. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या तिघांचं डोकं. नायक गायब्रश थ्रीपवुड हा समुद्री चाचा व्हायला निघालेला पोरगा. पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखता येतो, एवढा एक गुण सोडला तर बाकी नावाला काही नाही. १९९१ साली दुसरा भाग आला, मग १९९७, २०००, २००९ असं करत २०२२ मध्ये सहावा. म्हणजे मी शाळेतून निघून चाळिशीचा चष्मा लागेपर्यंत हा इसम चाचाच होतोय. भाचा सुट्टीला आला होता. त्याच्याबरोबर पहिल्यापासून सगळे भाग ओळीनं खेळायचे, हा माझा बेत.

पहिल्या भागाच्या खोक्यात पुठ्ठ्याचं एक चक्र यायचं. एकावर एक बसवलेल्या दोन तबकड्या, त्यांवर चाच्यांच्या तोंडांचे अर्धे-अर्धे भाग. गेम सुरू करताना पडद्यावर एक तोंड यायचं. चक्र फिरवून कपाळाला हनुवटी जुळवायची, आणि हा चाचा अमक्या ठिकाणी कोणत्या साली फासावर गेला, ते चक्रातल्या खिडकीतून वाचून टाकायचं. ठिकाणं अशी: अँटिग्वा, बार्बाडोस, जमैका, तोर्तुगा, आणि मध्येच नेब्रास्का. नेब्रास्का अमेरिकेच्या पार पोटात आहे. आटपाडीला बंदर असावं, त्यातलाच प्रकार.

हेतू असा की फ्लॉपी कुणीही कॉपी करील, चक्र कुठून आणील? कंपनीनं सांगली पाहिली नव्हती. आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडं त्या चक्राच्या झेरॉक्सची झेरॉक्स होती. लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर डकवलेली, ब्लेडनं खिडक्या कापलेल्या, आणि मधोमध फिरायला ब्लाउजचं टिच बटण. चपला बाहेर काढून, पाय पुसून, एसीच्या खोलीत जायचं. लोटस आणि डीबेस हे तेव्हाचे ऑफिसातले प्रोग्रॅम शिकणाऱ्यांची बॅच सुटली की आमची पाळी. जंगलात झाडाचं एक खोड होतं. त्यात उतरायला गेलं की गेम म्हणायचा, बावीस नंबरची डिस्क घाला. मग छत्तीस. मग एकशे चौदा. ती निव्वळ थट्टा होती, पण सरांनी फ्लॉप्यांचा डबा उपडा केला आणि आम्हा चौघांचे खिसे तपासले. तिकडं अमेरिकेतही लोकांनी कंपनीला फोन करकरून पिडलं म्हणे. पुढं सीडीवर गेम आला तेव्हा त्यातून ती थट्टाच उडवली. एक चांगला विनोद तक्रारी करणाऱ्यांपायी गेला.

सरांनी क्लास बंद केला तेव्हा ते चक्र माझ्याकडं आलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यातल्या कपाटाबरोबर तेही गेलं. आता नेटवर दोन्ही तबकड्यांची स्वच्छ चित्रं मिळतात. घरचा प्रिंटर जाड कागद घेत नाही, म्हणून दुकान.

तर असा मी काउंटरच्या कडेला उभा, हातात घरच्या पातळ कागदावर काढलेला नमुना. शेजारी एक आण्णा. पांढरी टोपी, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सात-बारा, आठ-अ, फेरफार, रेशनकार्ड आणि एक केळं. त्यांनी न विचारता माझ्या हातातला कागद स्वतःकडं वळवला.

"हे कोण म्हणायचं?"

"चाचे आहेत. समुद्रावरचे दरोडेखोर."

"कुठल्या गावचं?"

"गावचे नाहीत हो आण्णा. खेळातले आहेत."

"मग साल कशाला लिव्हलंय?"

"फाशी गेले ते साल."

आण्णांनी टोपी सारखी केली. "समदी?"

"सगळे."

मग ते बराच वेळ कागद बघत राहिले. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, "वारस नोंद झाली का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. पिशवीतून त्यांनी स्वतःचा सात-बारा काढला आणि माझ्या चाच्यांवर पसरला. "ह्यो बघा. अकरा नावं हाईत. त्यातली सात मेल्यात. ह्यो माझा आज्जा, मी तिसरीत हुतो तवा गेला. पर कागदावर अजून जित्ता हाय, सामायिक खातेदार हाय. तलाठी म्हंतोय मृत्यूचा दाखला आणा. दाखला मागाय गेलो तर म्हंत्यात साल सांगा. साल कुणाच्या बापाला म्हाईत? तुमच्या लोकांचं ब्येस हाय पावणं. साल लिव्हलंय, गाव लिव्हलंय, फोटू बी हाय."

हे बोलून त्यांनी नमुन्यातल्या एका तोंडावर बोट ठेवलं. "आन ह्येचा वरचा निम्मा भाग आमच्या भावकीतल्या एकासारखा हाय. खालचा न्हाई. खालचा बरा हाय."

मी त्यांना चक्र कसं फिरतं ते समजावलं. मला वाटतं, सगळ्या दुकानात तेवढा एकच माणूस मन लावून ऐकत होता. ऐकून त्यांनी विचारलं, "म्हंजे ह्ये चक्कर असल्याबिगर ख्योळ चालू हुत न्हाई?"

आता खरं सांगायचं तर होतो. जुने गेम चालवायला हल्ली स्कमव्हीएम नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, आणि त्यात हे कुलूप आधीच काढून ठेवलेलं असतं. मुद्दाम सेटिंगमध्ये जाऊन ते परत लावून घ्यावं लागतं. मी लावून घेतलं होतं.

"होतो," मी म्हणालो.

"मग कशापायी हुबा ऱ्हायलाय?"

गेममधल्या तलवारबाजीत असा प्रसंग येत नाही. तिथली लढाई तोंडानंच चालते. समोरचा एक अपमान फेकतो, खाली उत्तरांची यादी येते, त्यातलं चपखल उत्तर निवडलं की तो एक पाऊल मागं. उत्तर येत नसेल तर हरायचं, तो अपमान लक्षात ठेवायचा, पुढच्या भेटणाऱ्यावर तोच फेकायचा आणि त्याचं उत्तर ऐकून शिकायचं. सगळ्यात गाजलेली जोडी अशी: 'तू गवळ्यासारखा लढतोस', आणि त्यावर 'शोभतंय, तू गाईसारखा लढतोस'. भिलवडीकडं कुणाला हे गवळ्याचं ऐकवून बघा. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल उचलणारा माणूस तुम्हालाच चहा पाजेल. पण निदान यादी तरी येते. माझ्यापुढं, काउंटरच्या काचेखाली, 'रंगीत प्रिंट १० रु., उधारी बंद' एवढंच लिहिलेलं होतं.

आण्णांचा राग नाही. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. राग त्या पोराचा. माझं खेळायचं म्हणून मी थांबायचं आणि हा कानात कॉमेंट्री लावून लोकांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर शाई सांडणार, ते काम! हुकलेल्या कॅचपायी त्यानं एका विद्यार्थ्याची दहावीची मार्कलिस्ट दोनदा उलटी टाकली. रील बघत तास घालवणाऱ्याला आपल्याकडं कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. पुठ्ठ्याचं चक्र मागणाऱ्याला लगेच म्हणतात. चाळिशी उलटलेल्या माणसानं खेळायचं तर बुद्धिबळ खेळावं, निदान शिवाजी मंडईत उभं राहून राजकारण तरी. जुना गेम बघून ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यानं घरी बसावं.

आणि कामं तरी कसली? १९९० साली एका गेमच्या कंपनीला कळत होतं, की ज्याच्याकडं नुसती नक्कल आहे त्याच्याकडं अस्सल असेलच असं नाही. म्हणून तर चक्र काढलं. आपल्याकडं मूळ आधार कार्ड खिडकीत धरलं, स्वतः हाडामांसाचे समोर उभे राहिलो, तरी आतला म्हणतो, झेरॉक्स कुठाय? त्यावर सही करा. तुमचीच, तुमच्याच तोंडाच्या काळ्या डागावर. त्या डागात मी आणि माझा मेहुणा सारखेच दिसतो. कपाळ त्याचं आणि हनुवटी माझी लावली तरी अर्ज मंजूर होईल. दर वर्षी त्याच शाळेला, त्याच बँकेला, त्याच गॅसवाल्याला तोच डाग नव्यानं द्यायचा. आधीच्या डागांचं ते काय करतात? एकदा मिरजेच्या स्टेशनबाहेर मी भडंग घेतलं, त्याचा पुडा कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याचा होता.

बऱ्याच वेळानं, बहुधा विकेट पडल्यामुळं, पोरानं हात पुढं केला. "आणा ते कार्टून." दोन कार्डशीट काढली. एका बाजूनं आण्णांचे उतारे मशीनमधून येत होते, दुसऱ्या बाजूनं माझे चाचे. त्यानं दोन्ही गठ्ठे एकाच हातानं ठोकून सारखे केले, स्टेपलर दाबला, पाकिटं भरली. जाताना आण्णांनी मला केळं देऊ केलं. मी नको म्हणालो. "खावा की," म्हणाले, "हितं बसायला बी जागा न्हाई."

घरी भाच्यानं कात्री, ब्लेड आणि टिच बटण तयार ठेवलं होतं. पाकीट उघडलं. आत कपाळांची तबकडी होती. हनुवट्यांच्या जागी कुणाच्या तरी जमिनीचा आठ-अ होता.

तसाच परत गेलो. पोरगा शटर अर्धं ओढत होता.

"ते आण्णा? गेलं की. फाईल सेतूत जमा झाली त्यांची."

"अहो, त्यात माझ्या हनुवट्या आहेत!"

"आता काय करणार. त्रुटी निघाली तर त्यांनाच फोन येतोय. पंधरा दिवस लागत्यात."

मी आण्णांचा आठ-अ काउंटरवर ठेवला आणि ते पुन्हा आले तर एवढा तरी द्या म्हणालो. त्यानं तो उचलला, उलटा करून बघितला, मशीनचं झाकण उघडलं आणि विचारलं, "किती कॉपी?"