खुर्ची मागे घ्या, काका!

आज सकाळी तळमजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवलं. "तुमच्या त्या झाडाचा भुसा माझ्या पायपुसण्यावर येतोय."

तुमच्या! झाड इमारतीचं, कललेलं काकांच्याच खिडकीकडे. पण अर्ज मी केला, परवानगी मी आणली, तोडणारे मी शोधले, म्हणून ते मरणोत्तर माझ्या नावावर चढलं.

नुसतं कललं म्हणून झाड तोडत नाहीत. उजेडाच्या ओढीने कित्येक झाडं जन्मभर तिरकी राहतात, शेंडा तेवढा सावरून घेतात. भीती नव्याने कललेल्याची. कलाच्या उलट बाजूची माती फुगून तिला भेग पडली की मुळांनी हात टेकले म्हणून समजा. ती भेग मी इमारतीतल्या प्रत्येकाला नेऊन दाखवली. प्रत्येकाने वाकून पाहिली, "बाप रे" म्हटलं आणि जेवायला गेला.

तोडायच्या दिवशी मात्र सगळे हजर. काका तर खुर्ची घेऊन आले आणि बरोब्बर कलाच्या रेषेत बसले.

"काका, खुर्ची मागे घ्या," मुकादम म्हणाला.

"किती?"

"झाडाच्या उंचीच्या दुप्पट."

काकांनी मान वर करून हिशेब केला. "म्हणजे मी घरातच जाऊ की!"

"बरं होईल."

काकांनी खुर्ची वीतभर सरकवली.

भिंतीजवळचं झाड एका घावात पाडत नाहीत. माणूस वर चढतो, फांदी दोराला बांधतो, कापतो आणि हळूहळू खाली सोडतो. ओलं लाकूड फसवं. बऱ्याच झाडांचं एका घनमीटरला 800 ते 1000 किलो भरतं. प्रत्येक तुकडा लोंबकळला की काका हात उंचावून "सावकाश, सावकाश" करत. वरचा माणूस पट्ट्याला टांगलेला, कानावर मशीनचा आवाज. त्याने यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकांना मात्र ते काम आपल्याच हुकमाने चाललंय असं वाटत होतं.

शेवटी खोड भिंतीपर्यंत पोचणार नाही एवढं आखूड झालं. मुकादमाने कलाच्या बाजूला खाच घ्यायला सुरुवात केली.

"चुकतोयस तू!" काका उठले. "खाच कशाला? मागून सरळ काप, आपोआप पडेल."

मुकादमाने मशीन बंद केलं. त्याच्या संयमाला माझा नमस्कार. "काका, कललेल्या खोडाची वरची बाजू ताणलेली असते. खाच न घेता मागून कापलं तर खोड उभं फाटतं आणि उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतं. माणसं मेलीत तशी."

"आमच्या वेळी नाही फाटायचं."

"तुम्ही किती पाडलीत?"

"पाहिलीत भरपूर."

यावर मुकादम काय बोलणार? काकांना त्याने दंडाला धरून लांब नेलं, खुर्ची मी उचलली. खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये लाकडाची एक पट्टी मुद्दाम शिल्लक ठेवतात, बुंध्याच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. खोड तिच्यावर वळत ठरल्या जागी जातं. ती दिसताच काका लांबूनच ओरडले, "अरे, एवढं कापायचं राहिलंय!" तेवढ्यात खोड कुरकुरलं आणि धप्पकन आडवं झालं. टाळ्या पडल्या. एकदोघांनी चक्क काकांशी हस्तांदोलन केलं.

मग आवार रिकामं. जाडजूड ओंडके तोडणाऱ्यांनी गाडीत भरले, कारण ते विकले जातात. डहाळ्या आणि पाला मागे राहिला. "उचलायचं बोलणं नव्हतं झालं, साहेब." तोडलेल्या फांद्या झाडावर होत्या तेव्हापेक्षा दुप्पट जागा कशा खातात हे मला कुणीतरी समजावून सांगा. त्या हातभर लांबीच्या करायच्या, मोळ्या बांधायच्या, फाटकापर्यंत ओढायच्या. वरच्या गॅलऱ्यांत तेव्हा एकही माणूस दिसेना. भुसा तर झाडूला चिकटतो, चपलेला चिकटतो, फक्त सुपलीत येत नाही. आणि म्हणे तुमचा भुसा!

काकांनी बुंध्याची एक गोल चकती मात्र स्टूल करायला मागून घेतली. घरापर्यंत नेली मीच. ओली चकती सुकताना घेराच्या दिशेने जास्त आकसते, केंद्राच्या दिशेने कमी, म्हणून कडेपासून आत तडकते. हे मला मुकादमाने सांगितलं होतं.

आज जिन्यात काकांनी विचारलं, "पॉलिश कधी करू?"

म्हटलं, "करून टाका आजच. चांगलं महागातलं आणा."