वता की, काय हुतंय!

घरी बीएस-सिक्स पेट्रोल गाडी आहे आणि शेडात ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली आहे? मग सर्व्हिसिंगला सांगलीला कशाला जाताय? बादली पंधरा लिटरची, ट्रॅक्टर पितो आठ. उरलेलं सात लिटर काय देवापुढं लावणार?

आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक खणात परत ठेवा. त्यात '०डब्ल्यू-२०' असलं काहीतरी असतं. बादलीवर '१५डब्ल्यू-४०'. मोठं कुठलं? मग झालं तर. उसाच्या टनेजचाही हाच हिशेब. कुणी शहाणा म्हणाला की 'डब्ल्यू'आधीचा आकडा थंडीतला असतो, तर विचारा, "मिरजेत कधी उणे वीस झालंय का?" हे उत्तर चक्क बरोबर आहे. समोरचा गप्प बसतो आणि मागच्या आकड्याचं विचारायचंच विसरतो. तो शंभर अंशाला तापलेल्या ऑइलचा. तिथं वीसवालं दाटपणाच्या मोजमापात ९.३च्या खाली, चाळीसवालं १२.५च्या वर. पातळ ऑइलवर आखलेलं इंजिन मग चिखलातनं चालल्यासारखं चालतं, अॅव्हरेज उतरतं. उतरू द्या. पारावर पंपवाल्याला शिव्या घालायला विषय मिळतो.

पाण्याची बाटली मधोमध कापा, नरसाळं तयार. हळदीच्या पोत्यावर बसलेले दाजी काकवीगत पडणारी धार बघून म्हणतील, "वता की, काय हुतंय!" मलाही असंच म्हणाले होते.

बादलीमागची बारीक अक्षरं वाचायची नाहीत. 'एस'नं सुरू होणारी पेट्रोलची, 'सी'ची डिझेलची, असं म्हणतात. आपल्याकडं 'एस' म्हणजे सांगली आणि 'सी' म्हणजे चालतंय. एखाद्या बादलीवर 'सीआय-फोर'च्या पुढं तिरकी रेघ मारून 'एसएल' असतं. ते मात्र मोठ्यानं वाचा. एसएल हा दर्जा २००१ सालचा आणि गाडी मागते २०२०चा एसपी, हे कुणाला सांगू नका.

(रात्री घाटात ऑइलची लेव्हल खाली गेली आणि दुसरं काहीच मिळेना, तर पाव लिटर डिझेलवालं ऑइल घालून घर गाठायला हरकत नाही. पण पाव लिटरवर थांबतो तो आपला माणूस कसला!)

आता सायलेन्सरच्या वाटेवरचा तो डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिला प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा मुलामा. घरच्या बाईला एवढं कधी घातलं नसेल. डिझेलच्या ऑइलात झीज थांबवणारं जस्त-फॉस्फरस जास्त असतं. पेट्रोलच्या पातळ ऑइलला फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के, तर डिझेलच्या सीके-फोर दर्जाला ०.१२पर्यंत मोकळीक. इंजिन थोडं थोडं ऑइल जाळतंच. त्यातला फॉस्फरस त्या मुलाम्यावर चढतो आणि धूर धुवायचं काम हळूहळू बंद पडतं. आवाज नाही, धक्का नाही. काही हजार किलोमीटर तुम्हीच बरोबर असता.

मग एक दिवस समोर डॅशबोर्डवर पिवळ्या इंजिनाचा दिवा पेटतो. माझ्या मेस्त्रीनं नव्या डब्याचा आकडा सांगितला, तेव्हा मी बसूनच घेतलं. तुम्ही विचारूच नका. सांगलीच्या गणपतीचा छोटा स्टिकर मिळतो, तो बरोबर त्या दिव्यावर बसतो.

बादलीत अजून चार लिटर आहे. मेव्हण्यानं परवाच नवी गाडी घेतलीय.