अडीच गुंठे आणि मुंबईची मोकळी जागा

मुंबईतल्या मोकळ्या जागा सांभाळायच्या कोणी, हा वाद मी इंग्लंडमध्ये बसून वाचत असते. 2023 मध्ये महापालिकेने बागा-मैदानं दत्तक देण्याचं धोरण पुन्हा पुढे आणलं, तेव्हाही दोनच बाजू ऐकू आल्या. एक म्हणते, पालिकेला जमत नाही, संस्थांना द्या. दुसरी म्हणते, दिलीत की जागा गेलीच. हातात खुरपं घेणारा रहिवासी दोघांच्याही बोलण्यात नसतो.

इथे मिडलँड्समध्ये मला अलॉटमेंट मिळाली: भाजीपाला लावण्यासाठी कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, वार्षिक भाड्याने दिलेली जमीन. पूर्ण तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. माझ्या वाट्याला त्यातला अर्धा आला, तोही कुणीतरी वाऱ्यावर सोडलेला. कमरेएवढं गवत, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, मातीत काचा, आणि तण दाबायला अंथरलेला जुना गालिचा. मुळं त्याच्यातून आरपार गेलेली. मशीन फिरवू नकोस, असं शेजारच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. इथल्या काउच ग्रास नावाच्या तणाची पांढरी मुळी काळ्या रानातल्या कुंद्यासारखीच चिवट. बोटभर तुकडा राहिला तरी फुटतो, आणि मशीन तर तुकडेच करतं. म्हणून निम्मी जागा काळ्या कापडाखाली झाकायची आणि उरलेली खणून मुळ्या हाताने वेचायच्या. जाळी तोडण्याआधी आत घरटं नाही ना, हे बघायचं. पक्ष्याचं नांदतं घरटं मोडणं इथे गुन्हा आहे.

या घामामागे कायदा उभा आहे. 1908 च्या कायद्याने सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी अलॉटमेंटची लेखी मागणी केली, तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. 1925 पासून खास अलॉटमेंटसाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. आणि मी जमीन कसली नाही, तर मला नोटीस येते, तुकडा रांगेतल्या पुढच्या माणसाला जातो. तरीही दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे 14 लाख अलॉटमेंटांपैकी बहुतेक आज उरलेल्या नाहीत. कायदा असूनही ही गत.

आपल्याकडे 1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 127 आहे. बाग-मैदानासारख्या कामासाठी आरक्षित ठेवलेली जमीन पालिकेने दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरही मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षणच संपतं. ताब्यात आलेल्या जागांवरही राडारोडा साचतो, आणि जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकायला 'पडूनच तर आहे' हे कारण आयतं मिळतं.

आज वाफा दिला तर उद्या पत्र्याची शेड उभी राहील, ही भीती खोटी नाही. म्हणून करार वर्षाचाच हवा, बांधकामाला पूर्ण मनाई हवी, नावं आणि प्रतीक्षायादी वॉर्ड ऑफिसच्या दारावर लावलेली हवी. खेळाच्या मैदानांना हात लावू नका. पण पालिकेच्या ताब्यात पडून असलेली एक जागा प्रत्येक वॉर्डात निवडा, अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडा, पाण्याचा नळ द्या, आणि चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या अर्जदारांना आधी बोलवा.