सगळा मेंदू एका तालात? तशी वेळ कुणावर न येवो

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय: मेंदूच्या सगळ्या लहरी (पेशींच्या विद्युत संदेशांचे चढउतार) एका तालात आल्या की मेंदू पूर्ण क्षमतेने चालतो, त्यासाठी हेडफोन लावून ४० हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा) आवाज ऐका, स्मरणशक्ती वाढेल. परीक्षेच्या ताणातली मुलं आणि विसरभोळ्या आईवडिलांची काळजी करणारी माणसं यावर विश्वास ठेवतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

'ताल जितका जास्त, तितका मेंदू तल्लख.' हे चूक आहे. मेंदूचे मोठमोठे भाग सर्वाधिक एकतालात येतात ते गाढ झोपेत आणि फिटच्या वेळी. लहान मुलांच्या अ‍ॅब्सेन्स फिटमध्ये सेकंदाला सुमारे ३ या गतीने उंच लाटा जवळजवळ पूर्ण ईईजीवर (मेंदूच्या लहरींच्या आलेखावर) एकदम उमटतात, आणि तेवढा वेळ मूल बोलता बोलता थांबून शून्यात बघत राहतं. पार्किन्सनमध्ये (कंपवातात) मेंदूच्या खोल भागातल्या बीटा लहरींचा (१३ ते ३० हर्ट्‌झ) मेळ नको तितका घट्ट होतो. लेव्होडोपा या औषधाने तो सैल पडतो आणि हालचाल सुधारते.

'ताल म्हणजे सगळ्या पेशींनी एकाच क्षणी काम करणं.' हेही चूक, आणि खरी गंमत इथेच आहे. ओकीफ आणि रेसी या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवलं की उंदीर एखाद्या जागेतून पुढे सरकतो, तशी त्या जागेची खूण ठेवणारी हिप्पोकॅम्पसमधली (मेंदूतला आठवणींचा आणि जागेच्या जाणिवेचा भाग) पेशी थीटा नावाच्या लहरीच्या आधीआधीच्या टप्प्यावर संदेश सोडू लागते. उंदीर त्या जागेत कुठवर पोचला, हे त्या सरकत्या वेळेतून कळतं. सगळ्या पेशी एकदम बोलल्या तर हा फरकच पुसला जाईल. आपल्या झोपेतही तसंच: गाढ झोपेतल्या संथ लहरीच्या नेमक्या टप्प्यावर स्पिंडल (जलद लहरींचा छोटा झुबका) आला, तर दिवसभराच्या आठवणी पक्क्या व्हायला मदत होते. उतारवयात ही वेळ चुकू लागते. म्हणजे प्रश्न कुणाचा कुणाशी, कधी आणि किती वेळ मेळ बसतो, हा आहे.

'हेडफोनने लहरी जुळतात.' दोन कानांत किंचित वेगळे स्वर सोडण्याच्या या पद्धतीवरच्या १४ अभ्यासांचा आढावा २०२३ मध्ये आला. लहरी त्या आवाजामागे जातात असं ५ अभ्यासांत दिसलं, ८ मध्ये नाही, एकाचा निकाल संमिश्र. शिवाय लहर आवाजामागे गेली, तरी स्मरणशक्ती वाढली असं त्यातून सिद्ध होत नाही.

४० हा आकडा गाजला तो मुख्यतः २०१६ च्या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्रयोगामुळे. त्यात अल्झायमरसदृश बदल असलेल्या उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवल्यावर मेंदूतलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साठणारं प्रथिन) कमी झाल्याचं दिसलं होतं. २०२३ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेला तो परिणाम सापडला नाही. माणसांवरच्या चाचण्या वेगळ्या चालू आहेत, त्या होऊ द्याव्यात. पण हेडफोनऐवजी कुणी घरीच लुकलुकते दिवे लावून बघणार असेल, तर त्याला थांबवा: प्रकाशसंवेदी एपिलेप्सी असलेल्यांना अशा प्रकाशाने फिट येऊ शकते.