‘बायका निवडून येत नाहीत’? आधी तिकीट तर द्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. सार एवढंच: लोकसभेत महिलांना एक तृतीयांश जागा म्हणजे गुणवत्तेचा बळी, मतदारच बायकांना निवडून देत नाहीत, आणि दिलंच, तर कारभार नवरेच बघणार. खाली अकरा अंगठे.

मतदारांवर फोडलेलं खापर आधी बघू. 2024 च्या लोकसभेला 8,300 हून जास्त उमेदवारांत बायका होत्या सुमारे 800. जिंकल्या 74, म्हणजे शंभरात नऊ. पुरुषांचं हेच प्रमाण सहाच्या आसपास. हौशी अपक्षांमुळे हा हिशेब थोडा कच्चा आहे, मान्य. मग एकाच पक्षाचं बघा. 2019 ला ओडिशात बिजू जनता दलाने 21 पैकी 7 तिकिटं बायकांना दिली, 5 जिंकल्या. 14 पुरुषांपैकी जिंकले निम्मे.

आता पुणं. 1952 ला पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव लोकसभेत गेल्या. त्यानंतर पुणे मतदारसंघातून एकही बाई नाही. (सुप्रियाताई बारामतीच्या, शहराचा खडकवासला भाग त्यात येतो, एवढंच.) 2019 ला मुख्य लढत गिरीश बापट विरुद्ध मोहन जोशी, 2024 ला मुरलीधर मोहोळ विरुद्ध रवींद्र धंगेकर, सगळे पुरुषच. मतदाराने बाई निवडायची तरी कुठून? उलट महापालिकेत आरक्षण आलं आणि मुक्ता टिळक, माधुरी मिसाळ, मेधा कुलकर्णी या माजी नगरसेविका पुढे कसबा, पर्वती, कोथरूडच्या आमदार झाल्या. त्या जागा काही महिलांसाठी राखीव नव्हत्या.

गुणवत्तेबद्दल काय बोलायचं! पुरुषांना तिकीट देताना कुठली प्रवेश परीक्षा घेतात, ते मेसेज लिहिणाऱ्याने कळवावं.

नवऱ्यांचा मुद्दा मात्र खोटा नाही. आमच्या चौकातल्या बाकावर नाव ‘मा. नगरसेविका’ मॅडमचं आणि मोबाइल नंबर ‘भाऊं’चा. ड्रेनेज तुंबलं तेव्हा मी फोन केला, तर भाऊच बोलले, तेही ‘आम्ही नगरसेवक’ म्हणून. पण गोष्ट तिथेच थांबत नाही. मुंबई महापालिकेत 1997 ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते, तिथलं आरक्षण 2002 ला उठल्यावरही बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. राज्यशास्त्राचे अभ्यासक भावनानी यांचा हा अभ्यास 2009 चा.

चौकात परवा नवा बाक आला. त्यावर नंबर दोन आहेत. पहिला मॅडमचा.