लेन नंबर चार

अर्ज तसा साधा होता. नाव, जन्मतारीख, प्रकार ५० मीटर फ्रीस्टाईल. शेवटी एक रिकामा चौकोन : ‘एंट्री टाइम’. मी शेवटची शर्यत पोहलो १९८९ साली. तेव्हाची वेळ अजून तोंडपाठ आहे, ३१.४ सेकंद. स्वतःचा मोबाईल नंबर सांगताना अडखळतो, पण हे नाही. टाकली लिहून. खोटं नव्हतं ते, फक्त शिळं होतं.

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी ‘पोहायला जात जा’ एवढंच सांगितलं होतं. स्पर्धेचं नावही काढलं नव्हतं. पण तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या लेनमधल्या एका बाईंनी मला मागे टाकलं, तेही आरामात, बहुधा काहीतरी दुसराच विचार करत. आणि माझ्या आतला दहावीचा पोरगा खडबडून जागा झाला.

मोठ्यांच्या या स्पर्धांना ‘मास्टर्स’ म्हणतात. नावावरून वाटतं, यांना काहीतरी येत असणार. पात्रता एकच, पंचविशी गाठलेली असावी. पुढे पाच-पाच वर्षांचे गट, आणि वय धरायचं त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं. मी ५० ते ५४ मध्ये बसलो.

कोच माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्या दिवशी मी बॅकस्ट्रोक दाखवला, भिंतीला रीतसर हात लावून वळलो. तो शिट्टी तोंडात तशीच ठेवून बघत राहिला. “काका, असं कोणी शिकवलं तुम्हाला?” आमच्या वेळी हात न लावता वळलं तर सरळ बाद करत. तो नियम १९९१ मध्ये गेला. आता भिंतीजवळ पालथं व्हायचं, कोलांटी मारायची आणि पायांनी ढकलायचं. मग मी म्हणालो, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोकं पाण्याखाली गेलेलं चालायचं नाही. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिडाच्या गलबतातून उतरलोय.

मास्टर्सना सवलतीही आहेत. बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची लाथ चालते. ठोकळ्यावरून सूर मारायला नको वाटलं, तर पाण्यातूनच सुरुवात करता येते. पण सवलत घेईल तो मी कसला!

पोशाखाचं प्रकरण निराळंच. २००९ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत त्या चकचकीत, रबरासारख्या पोशाखांनी ४३ विश्वविक्रम पाडले आणि २०१० पासून त्यांवर बंदी आली. आता पुरुषांसाठी नियम असा : कापडच हवं, बेंबीच्या वर नको, गुडघ्याच्या खाली नको. नियम करणाऱ्यांनी बेंबी एका जागी स्थिर असते असं गृहीत धरलेलं दिसतं. शर्यतीची ती चड्डी मांडीपर्यंत आली आणि थांबली. मी बाकावर बसलो, उभा राहिलो, भिंतीला पाठ लावून दोन उड्या मारल्या. एकदाची चढली तेव्हा मी घामाने निथळत होतो. वॉर्म-अप झाला, असं म्हणायला हरकत नव्हती.

बाहेर येऊन फलकावर नाव शोधलं. सापडलं. शेवटची हीट, लेन नंबर चार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हीट, म्हणजे शर्यतीच्या तुकड्या, एंट्री टाइमवरून लावतात, संथ आधी, वेगवान शेवटी. त्यातही सगळ्यात वेगवानाला मधली लेन. म्हणजे कागदोपत्री त्या दिवशीचा बाजीराव मी होतो. माझ्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी पाठीची माणसं हात फिरवत उभी होती. डावीकडच्याने अदबीने विचारलं, “सर, हल्ली कुठे असता प्रॅक्टिसला?”

हॉर्न वाजला. सूर मारला. पाण्याने माझं स्वागत पोटावर केलं आणि गॉगल डोळ्यांवरून सरकून तोंडाशी आला. पहिले वीस मीटर मी खरोखर १९८९ मध्ये होतो. तिसाव्या मीटरला हात दुसऱ्याचे झाले. चाळिसाव्याला तळाची काळी रेघ अजिबात पुढे सरकेना, आणि रबर चावत श्वास कसा घ्यायचा हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. भिंतीला हात लागला तेव्हा बाकीचे सात जण टॉवेल गुंडाळून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या फार लागल्या.

फलकावर ४८.६२. मी लगेच हिशेब मांडला : छत्तीस वर्षांत सतरा सेकंद, म्हणजे दोन वर्षांना जेमतेम एक. तसं बघितलं तर मी बराच संथपणे म्हातारा होतोय.

पुढच्या स्पर्धेच्या अर्जात मुकाट्याने ४८.६२ लिहिलं. पहिली हीट, लेन आठ. शेजारी एक आजोबा आधीच पाण्यात उतरून भिंतीला धरून उभे. मला म्हणाले, “किती?”

“टाइम ना? अठ्ठेचाळीस...”

“टाइम कोण विचारतंय? वय!”

बावन्न म्हटल्यावर ते हळहळले. “वाईट वर्ष. पन्नाशीची ताजी पोरं मारणार तुला. मला बघ, यंदा पंचाहत्तर लागलं. गटात सगळ्यात लहान मी!” मग त्यांनी जपानच्या मिएको नागाओकांचं सांगितलं. त्या २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, १५०० मीटर पोहल्या, सव्वा तासात. “शंभरी भरली की नवा गट,” आजोबा म्हणाले, “आणि गर्दी अजिबात नाही.”

शिट्टी झाली. ठोकळ्यावर चढताना मी मनातल्या मनात मोजत होतो. पंचावन्नला अजून तीन वर्षं. अठरा पूर्ण व्हायचीसुद्धा इतकी वाट बघितली नव्हती.